आले आणि आबुंग : कोरकू शिकतानाचा माझा अनुभव

धारणी तालुक्यातील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा मला तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेचा एक शब्दही येत नव्हता. माझे माहेर यवतमाळचे आणि शिक्षण सगळे मराठीतले. मेळघाटात हिंदीवर काम भागते असे मला सांगण्यात आले होते, आणि धारणीच्या बाजारापुरते ते खरेही आहे. परंतु चुलीपाशी तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईशी बोलताना ते भागत नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका आईला मी अंगावरचे दूध, ताप, दवाखाना हे सारे हिंदीतून समजावले आणि माझ्या प्रत्येक वाक्याला तिने "हां बाई" म्हटले. तीन दिवसांनी पुन्हा गेले, तर बाळाच्या पोटावर डंब्याचे, म्हणजे तापवलेल्या लोखंडाच्या चटक्यांचे, ताजे व्रण दिसले. बाळाचे पोट फुगले की डंबा द्यावा, अशी तिथली जुनी समजूत आहे. त्या आईने माझा मान राखण्यासाठी हां म्हटले होते आणि मी त्याला होकार समजले होते. तो प्रसंग आजही माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका स्वयंसेवी संस्थेने स्थानिक कार्यकर्ते आणि स्वयंसेवकांसाठी दहा दिवसांचा निवासी वर्ग घेतला, त्यात मी नाव दिले. आमच्या तुकडीत आशाताई होत्या, अंगणवाडी सेविका होत्या आणि अमरावतीहून आलेले तीन विद्यार्थी होते. कोरकू घरातच वाढलेल्या आशाताईंनी या वर्गाला कशाला यावे, असे मला आधी वाटले होते. पण रक्तक्षय किंवा कमी वजनाचे बाळ म्हणजे काय, हे आपल्याच भाषेत आजीला कसे सांगावे याचा सराव त्यांनाही कधी मिळाला नव्हता; दवाखान्यातले शब्द त्यांच्यापर्यंत मराठी-हिंदीतूनच आले होते.

पहिले दोन दिवस भाषेची ओळख करून देण्यात गेले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, म्हणजे मराठीपेक्षा तिचे नाते झारखंडातील संथाली-मुंडारीशी जवळचे. २०११च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लाख २७ हजार होती आणि त्यातले बहुतेक मध्य प्रदेश व महाराष्ट्रातले. कोरो म्हणजे माणूस आणि त्याचे अनेकवचन कोरकू, हे ऐकल्यावर वर्षभर नोंदवहीत जातीच्या रकान्यात यांत्रिकपणे लिहीत आलेल्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. डा म्हणजे पाणी, कोन म्हणजे मुलगा, कोनजे म्हणजे मुलगी. मिया, बारी, आफई असे आकडे आम्ही मोठ्याने म्हणत असू.

तिसऱ्या दिवसापासून दुपारनंतर आम्हाला गावात पाठवत. हा या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग होता, असे माझे मत आहे. नोंदवही बाहेर न काढता बसायचे, आधी पावसापाण्याची, गुराढोरांची, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या माणसांची चौकशी करायची, बाळाचा विषय घरच्यांनी काढेपर्यंत थांबायचे. मला हे फार जड गेले, कारण एका दिवसात ठरावीक घरे पूर्ण करण्याची सवय अंगात भिनलेली होती.

पाचव्या दिवशी एका घरात दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला मी फीत लावली. ती तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या लाल पट्ट्यात, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली. त्या मुलीला दवाखान्यात नेणे गरजेचे होते. कागदावर पाठ केलेले वाक्य मी म्हटले आणि त्यात 'आपण' या अर्थाने 'आले' हा शब्द वापरला. आजीने काही न बोलता मुलीला माझ्याजवळून ओढून पदराखाली घेतले. सोबतच्या आशाताईंनी घाईघाईने काहीतरी सांगितले, तेव्हा कुठे आजीचा हात सैल झाला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणालात की आम्ही हिला घेऊन जातो. तुम्ही लोक. त्यात ना आजी आली, ना आई."

आम्हाला दिलेल्या कागदावर 'आले' या शब्दासमोर हिंदीतला 'हम' एवढाच अर्थ छापलेला होता. हिंदीच्या 'हम'मध्ये ऐकणारा माणूस धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीत मात्र आपण आणि आम्ही हा भेद आहे, आणि कोरकूतही तो आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर 'आबुंग', वगळून बोलायचे तर 'आले'. शिवाय दोघांपुरते बोलायचे असेल तर आलांग आणि आलिंग हे आणखी दोन शब्द आहेत. जी गोष्ट मला मराठीतून एका वाक्यात समजली असती, ती हिंदीच्या आडवाटेने आल्यामुळे हरवली होती, याचे मला फार वाईट वाटले.

सातव्या दिवशी गावचे भूमका, म्हणजे पारंपरिक उपचार करणारे, वर्गात आले. आजारपणात लोक आधी त्यांच्याकडे जातात. त्यांच्या बोलण्यात अडथळा आणायचा नाही, एवढीच आम्हाला सूचना होती. ते तासभर बोलले. कोणते आजार आपल्या हाताबाहेरचे आहेत हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यांना टाळून घराघरांत शिरण्याची माझी पद्धत त्या दिवसापासून मी सोडली.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली, तीही एका घरात. आपण सांगितलेले त्या घरच्या बाईने आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि गावातल्या दोन वयस्क बायांनी ते ऐकून निर्णय द्यायचा. माझी पाळी त्याच आजीच्या घरी आली. या वेळी मी आबुंग म्हटले. सुनेने माझे म्हणणे परत सांगताना त्यात एक भर घातली: आधी भूमकांना विचारू, मग निघू. आम्ही विचारले. ते गाडीपर्यंत सोबत आले आणि आजी मुलीला घेऊन माझ्या शेजारी बसली.

निरोप घेण्याआधी आशाताईंनी आणि मी संस्थेकडून पुढच्या तुकडीसाठीचा कागद मागून घेतला. 'हम' खोडून चारही सर्वनामे स्वतंत्र ओळींवर लिहिली आणि प्रत्येकासमोर मराठीत लिहिले, की यात समोरची बाई आहे की नाही.