बुवांच्या कॅसेटी आणि एक स्क्रू

वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्याच्या, सात कॅसेटी सापडल्या. बाबा भजनीबुवा. १९८८-८९ साली काकाने छोट्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या. त्या मोबाइलवर उतरवायच्या ठरवल्या, पण माझी एक अट होती: टेपची ऊब जाता कामा नये.

इतक्या पावसाळ्यांनी फितीच्या कडांवर पांढरी बुरशी चढली होती. तोंडाला फडकं बांधून ती झाडली, फिती दुसऱ्या खोळीत घातल्या. कॅसेट वाजवायच्या डेकच्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं. ते बोटांवरून खोबरेल तेलानेच गेलं.

पहिली कॅसेट लागली. आवाज मऊ, गोल. मी खूश! पण सावंतवाडीच्या मेकॅनिकने फोनवरून सांगितलं, "हेडच्या बाजूचा बारका स्क्रू फिरवून बघा, झांज लख्ख झाली की थांबा."

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंमी सरकते. त्यामुळे १० हजार हर्ट्झच्या एका लहरीला फितीवर ०.००५ मिमीसुद्धा जागा मिळत नाही. फीत वाचणारं हे हेड केसभर कललं, की वरचे स्वर पुसट होतात. पाव आटा फिरवला आणि झांजा अंगावर आल्या. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला ऊब म्हणत होतो, त्यात निम्मं वाकडं हेडच होतं. जरा ओशाळलोच.

उरलेलं निम्मं मात्र खरं निघालं. बाबा गजरात वर चढले की फितीवरचं लोह आणखी चुंबकत्व घेईना. लहरींची टोकं दबून गोल व्हायची. त्यातून मुख्यतः मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. षड्जाची तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम! तानपुरा लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मृदंगाची थापही अशीच फुगून, दाटून येते.

मग हौसेने सॉफ्टवेअरने खरखर काढली आणि आईला ऐकवलं. ती दोन अभंग गप्प होती.

"बाबा बरे गातत. पण रातकिडे खय गेले?"

गाणं थांबून शांतता झाली की काकाचा टेपरेकॉर्डर भरताना आवाज आपोआप वाढवायचा. दोन गजरांच्या मधल्या फटीत देवळामागचे रातकिडे, कुणाचा तरी खोकला, बाबांचा श्वास वर यायचा. खरखरीबरोबर तेही मी धुऊन टाकलं होतं.

मूळ फाइल ठेवली होती म्हणून बरं. आता आईच्या मोबाइलवर तीच आहे.