सातव्या दिवशीचा फोन

डिसेंबरातली गोष्ट. सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात एक गवंडी आला. दोन्ही तळहातांना इतक्या खोल भेगा होत्या की थापी मुठीत धरवत नव्हती. वय पंचेचाळिशीचं, त्यातली पंचवीस वर्षं सिमेंटच्या मालात गेलेली. सोबत बायको, आणि तिच्या पिशवीत एकाच मलमाच्या सहा ट्यूबा, पिळून पिळून चपट्या झालेल्या.

"लावलं की चार दिवस बरं असतंय मॅडम. सोडलं की दुप्पट उठतंय बघा."

गवंड्याचे हात म्हटल्यावर सिमेंटकडेच बोट जातं. ओल्या सिमेंटचा क्षार कातडी जाळतो आणि त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी होते. डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात ते या ॲलर्जीसाठीच. मलाही संशय सिमेंटचाच होता. पण 'सिमेंट सोड' एवढंच सांगायला माझी जीभ रेटत नाही. त्या घरची चूल त्याच सिमेंटवर पेटते. म्हणून आधी पॅच टेस्ट करायची ठरवली, म्हणजे संशयातले पदार्थ पाठीवर पट्टीखाली लावून कशाची ॲलर्जी उठते ते बघायचं.

अट सांगितली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पट्ट्या पाठीवर असेपर्यंत दोन दिवस पाठीला पाणी नाही. घाम येईल असं काम तर शुक्रवारी दुसऱ्यांदा पाठ तपासेपर्यंत नाही. त्यानं बोटांवर मोजलं, "म्हणजे पाच खाडे." मी गप्प बसले. पाच दिवसांची मजुरी बुडवून माणूस तपासणीला बसतो, तेव्हा ती नीट करणं एवढंच आपल्या हातात असतं. बायकोच म्हणाली, "बसा हो. हातच गेले तर खाडेच खाडे."

सोमवारी पट्ट्या लावल्या. एका पट्टीवर ॲल्युमिनियमच्या दहा वाट्या, प्रत्येक जेमतेम आठ मिलिमीटरची. निकेल, क्रोमियम, रबरातली रसायनं, केसांच्या कलपातलं पीपीडी, गाजर गवत, मलमांतली औषधं असं एकेक व्हॅसलिनमध्ये कालवलेलं असतं. सिरिंजमधून त्याची बारीकशी रेघ वाटीत सोडायची. जास्त झालं तर बाजूला पसरतं आणि शेजारच्या वाटीचा निकाल बिघडतो. दोन पट्ट्या, वीस वाट्या. कडेनं मार्करच्या रेघा मारल्या, कोणत्या जागी काय लावलंय त्याचा कागद केला आणि एक प्रत त्या ताईंना दिली. मार्करही दिला. रेघा पुसट झाल्या तर परत ओढा म्हटलं.

बुधवारी पट्ट्या काढल्या तेव्हा क्रोमियमच्या जागी फिकट लाली होती. शुक्रवारी तिथेच बारीक पुरळ, बोट फिरवलं की टणक लागणारं. म्हणजे क्रोमियमची ॲलर्जी. बाकी पाठ स्वच्छ. आमचं ठरलंच होतं, तसं निघालं. मी फाइलवर निदान लिहिलंसुद्धा. तरी ताईंना म्हटलं, पुढच्या सोमवारपर्यंत पाठ रोज बघा. काही पदार्थ उशिरा उठतात.

सोमवारी सकाळी फोन आला. "मॅडम, पाठीवर आणखी एक उठलंय की. उजवीकडच्या पट्टीत, खालून दुसरी, मणक्याकडची."

मी कागद काढला. त्या जागी निओमायसिन होतं, मलमांत घालतात ते जंतू मारणारं औषध.

दुपारच्या एसटीनं दोघं आली. खरंच होतं. नाण्याएवढा लाल, उंचावलेला गोल, शुक्रवारी तिथे काहीही नव्हतं. मी पिशवीतली ट्यूब मागून घेतली आणि बारीक अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जोरदार स्टेरॉइड आणि निओमायसिन. तिन्ही एकाच नळीत.

मग ते 'चार दिवस बरं' उलगडलं. स्टेरॉइड खाज दाबत होतं आणि त्याच बोटानं निओमायसिन भेगांत उतरत होतं. मलम थांबलं की दाबलेली ॲलर्जी उसळायची, की पुन्हा तीच ट्यूब. दुकानातून, चिठ्ठीशिवाय. ट्यूबमधलं मलम तसंच पाठीवर लावून तपासलं असतं, तर आतल्या स्टेरॉइडनं बहुधा काही उठूच दिलं नसतं. १८९५ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे त्वचारोगतज्ज्ञ याडासोन यांनी ही तपासणी मांडली तीही औषधाच्याच ॲलर्जीवरून, पाऱ्याच्या. शिकताना पाठ केलेली ती ओळ मला त्या दिवशी समोर दिसली.

आणि शुक्रवारी लिहून टाकलेलं ते निदान डोळ्यांत खुपत होतं. ताईंनी पाठ पाहिली नसती तर क्रोमियमवर दोष टाकून मी त्याला घरी पाठवलं असतं, आणि ट्यूब पिशवीतच राहिली असती.

ट्यूब बंद केली, साधं व्हॅसलिन आणि निओमायसिन नसलेलं औषध दिलं. रबरातल्या रसायनांच्या जागा स्वच्छ निघाल्या होत्या, म्हणून आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालायला सांगितले. हातमोज्यात थापी फिरते, अशी त्याची तक्रार आहे आणि ती खरी आहे. दीड महिन्यानं आला तेव्हा डावा तळवा मिटला होता. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, थापीचा दांडा टेकतो तिथे, एक भेग अजून होती. माल कालवायचं काम आता बिगारी करतो, म्हणाला, आपण फक्त ओळंबा धरतो आणि विटा लावतो. ताईंनी पर्समधून तो कागद काढून दाखवला. घडीवर फाटला होता, पण खालून दुसऱ्या जागेभोवती त्यांनी पेनानं गोल केला होता.