वॅट पाहावेत की अंतर?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील भजनी गायकांच्या मुलाखती आणि बैठका मी चित्रित करते. या कामासाठी एलईडी दिवा घ्यायचे ठरवले, तेव्हा ३०० वॅटचा, वेगळ्या पेटीतून न्यावा लागणारा दिवा घ्यावा की पाठपिशवीत मावणारा, बॅटरीवरही चालणारा ६० वॅटचा घ्यावा, यावर बरेच दिवस विचार केला.

वॅटचा आकडा मनावर फार लवकर ठसतो. ३०० हे ६० च्या पाचपट खरे, पण एकाच धाटणीच्या दोन दिव्यांत हा फरक कॅमेऱ्याच्या हिशेबाने सव्वादोन स्टॉपच्या आसपासच भरतो (एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला). उलट दिवा दोन मीटरवरून एका मीटरवर आणला की प्रकाश जवळजवळ चौपट, म्हणजे दोन स्टॉपनी वाढतो. जुन्या घराच्या सोप्यावर एकच गायक समोर बसलेला असताना सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी) लावलेला लहान दिवा कॅमेऱ्याच्या चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणता येतो आणि जवळ आल्यामुळे त्याचा प्रकाश चेहऱ्यावर अधिक मऊही पडतो. शिवाय अशा शांत घरात मोठ्या दिव्याच्या पंख्याची घरघर माइक हमखास टिपतो, याचा विचार खरेदीच्या वेळी फारसा कोणी करीत नाही.

देवळाच्या सभामंडपात आठ-दहा जण टाळ-पखवाज घेऊन बसले की मात्र हे गणित उलटते. दिवा जवळ ठेवला तर पुढचा गायक लख्ख उजळतो आणि त्याच्यामागे दोन हात अंतरावर बसलेला झांजवाला अंधारात जातो. तोच दिवा पाच-सहा मीटर मागे, उंचावर नेला की पुढच्या आणि मागच्या चेहऱ्यांतील तफावत बरीच कमी होते. पण तेवढ्या अंतरावरून पुरेसा प्रकाश पोहोचायचा तर ताकद हवीच. मोठ्या दिव्याचे खरे मोल मला इथे पटले: त्याच्या वॅटमधून आपण लखलखाट नव्हे, तर अंतर विकत घेत असतो.

भर दुपारच्या उन्हाशी स्पर्धा करण्यासाठी मोठा दिवा घ्यावा, हे मला पटत नाही. बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) घरात प्रकाश असताना ३०० वॅटही अपुरे पडतात. त्यापेक्षा गायकाला खिडकीकडे तोंड करून बसवावे आणि लहान दिव्याने दुसऱ्या बाजूची सावली थोडी हलकी करावी.

रंगाच्या बाबतीत आकारापेक्षा गुणवत्ता पाहावी. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर असेल तर सावळ्या त्वचेचा रंग मळकट दिसण्याचा धोका बराच कमी होतो. समयांचा उजेड साधारण २००० केल्विनचा असतो (हा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर-नारिंगी), तर पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत रंग बदलता येणारे बहुतेक दिवे २७०० च्या खाली उतरत नाहीत. म्हणून समयांशेजारी दिवा लावताना मी त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक फिल्म, चढवते.

अखेर मी ६० वॅटचा दिवा घेतला, कारण माझ्या बहुतेक मुलाखती एकेका माणसाच्या असतात आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ९९ वॅट-तासांच्या बॅटरीवर तो पूर्ण तेजाने दीड तास चालतो. तेवढ्यात एक मुलाखत आरामात पुरी होते. बैठकीच्या दिवशी मोठा दिवा भाड्याने आणते आणि तो लावण्यापूर्वी सभामंडपात सर्वात मागे कोण बसणार आहे, हे विचारून घेते.