नवं गर्भनिरोधक आणताय? दुसऱ्या वर्षाचा हिशेब आधी मांडा

विकसनशील देशात नवी गर्भनिरोधक पद्धत येते तेव्हा पहिल्या वर्षी सगळं जमून येतं. देणगीदारांचा पैसा असतो, प्रशिक्षणं होतात, साठा भरलेला असतो. आरोग्य केंद्रांची कपाटं रिकामी पडायला लागतात ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे स्त्रिया त्या पद्धतीवर विसंबायला लागल्यानंतर. हा धोका टाळायचा तर पहिली ऑर्डर जाण्याआधीच कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

सायाना प्रेस या इंजेक्शनचं उदाहरण घेऊ. औषध तेच जुनं, डीएमपीए नावाचं संप्रेरक. फक्त मात्रा १५० ऐवजी १०४ मिलिग्रॅम, आणि ती स्नायूत न देता त्वचेखाली द्यायची. सुई जोडलेल्या छोट्या प्लास्टिकच्या फुग्यात औषध आधीच भरलेलं असतं, म्हणून बाई स्वतः घरी टोचून घेऊ शकते. दर तीन महिन्यांनी एक डोस. २०१४ साली गरीब देशांसाठी त्याची किंमत एक डॉलर ठरली, २०१७ मध्ये ती ८५ सेंटवर आली. फ्रिज लागत नाही. १५ ते ३० अंश तापमान पुरतं.

आता हिशेब. समजा वर्षभरात १०,००० स्त्रिया सुरुवात करणार आहेत, दर महिन्याला साधारण सारख्या संख्येने. वर्षाला चार डोस म्हणून ४०,००० मागवायचे का? नाही. पहिल्या तिमाहीत आलेलीला वर्षअखेरपर्यंत चार डोस लागतील, शेवटच्या तिमाहीत आलेलीला एकच. सरासरी अडीच, म्हणजे २५,०००. त्यातही दर वेळी पाचातली एक परत येत नाही असं धरलं तर आकडा साधारण २०,५०० वर येतो.

पण त्याच स्त्रियांना पहिला डोस केंद्रात देऊन पुढचे तीन घरी नेऊ दिले, तर पहिल्याच भेटीत चार डोस जातात आणि वर्षाचा आकडा पुन्हा ४०,००० होतो. स्त्रिया तितक्याच, साठा जवळपास दुप्पट. घरी किती डोस द्यायचे हे ठरवणारे लोक आणि खरेदी करणारे लोक बहुतेक वेळा वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. बहुतेक टंचाईची सुरुवात तिथेच होते.

दुसरी चूक सरासरीची. वरच्या २०,५०० चा मासिक खप काढला तर १,७०० येतो. पण शेवटच्या तिमाहीत प्रत्यक्ष खप महिन्याला २,४६० च्या आसपास पोचलेला असतो, कारण नव्या येणाऱ्यांच्या जोडीला जुन्याही परत येत असतात. पुढच्या वर्षाची मागणी १,७०० धरून केली तर पहिल्याच महिन्यापासून साडेसातशे डोसची तूट. नव्या पद्धतीसाठी वर्षाची सरासरी वापरूच नये. शेवटची तिमाही घ्यावी आणि त्यावर वाढ धरावी.

साठा संपलेले दिवस वजा न करणं ही तिसरी चूक. सहा महिन्यांत ६०० डोस गेले, पण त्यातले दोन महिने कपाट रिकामं होतं, तर खरी मागणी महिन्याला १०० नसून १५० आहे. हे दुरुस्त केलं नाही की टंचाई पुढची टंचाई जन्माला घालते. प्रशिक्षणात फोडलेले डोसही वेगळे लिहावेत, नाहीतर ते खपात मिसळतात.

यात वाटेवरचा साठा अजून धरलेलाच नाही. केंद्रात तीन महिन्यांचा, जिल्ह्यात तीन, मध्यवर्ती गोदामात सहा असं ठेवायचं तर पहिल्या डोसआधीच वर्षभराचा माल साखळीत भरावा लागतो. ऑर्डर दिल्यापासून माल पोचेपर्यंत अनेक महिने जातात. सायाना प्रेसची मुदत तीन वर्षांची, म्हणून पोचताना किमान तीन चतुर्थांश मुदत शिल्लक हवी हे करारात लिहून घ्यावं, आणि एकाच खेपेत सगळं न मागवता तीन-चार हप्त्यांत मागवावं.

देशात औषध आणण्याआधी करायच्या नोंदणीचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने आधीच तपासलेल्या उत्पादनासाठी तिची सहकार्य प्रक्रिया आहे. तीत देशाच्या औषध नियंत्रकाने ९० दिवसांत निर्णय द्यावा असं उद्दिष्ट आहे. ती वापरा.

इम्प्लांटची, म्हणजे दंडाच्या त्वचेखाली बसवायच्या गर्भनिरोधक कांड्यांची गोष्ट वेगळी. तिथे कांड्या असतात आणि बाकीचं साहित्य नसतं. जॅडेल या इम्प्लांटच्या दोन कांड्या बसवायला ट्रोकार (कांडी आत सरकवायची पोकळ सुई), स्कॅल्पेल, जागा बधिर करणारं लिडोकेन, निर्जंतुक हातमोजे, जंतुनाशक, गॉज लागतं; इम्प्लानॉन एनएक्सटी या दुसऱ्या इम्प्लांटला ट्रोकार लागत नाही, ॲप्लिकेटर सोबतच येतो. ही यादी प्रत्येक इम्प्लांटमागे मोजून त्याच ऑर्डरमध्ये घालावी. लिडोकेन नाही म्हणून इम्प्लांट पडून राहिलं, तर कागदावर साठा भरपूर दिसतो आणि बाई मात्र हात हलवत परत जाते.

काढण्याचं साहित्यही पहिल्या वर्षापासूनच हवं. त्रास झाला म्हणून किंवा मूल हवं म्हणून बाई कधीही येऊ शकते. तिला ‘आमच्याकडे चिमटा नाही’ असं सांगणं हा तिच्या हक्कावरचा घाला आहे. इथे कसलीही तडजोड मला मान्य नाही.

किंमत आणि उत्पादक यांचा प्रश्न एकेकट्या देशाला सुटत नाही. २०१३ च्या सुमारास मोठ्या खरेदीची हमी दिल्यावर जॅडेलची किंमत १८ डॉलरवरून साडेआठ डॉलरवर आली. २०१७ मध्ये लेव्होप्लांट या दोन कांड्यांच्याच इम्प्लांटला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यावर दुसरा स्वस्त पर्यायही आला. पण एकाच देणगीदारावर विसंबणं किती महाग पडतं तेही दिसलं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्यावर सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं बेल्जियममधल्या गोदामात अडकून पडली. देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात छोटी का होईना, पण ठरलेली तरतूद हवी, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला खर्च करता यायला हवी.

शेवटच्या टप्प्यावर सेनेगलने राबवलेली पद्धत मला सगळ्यात पटते. तिथे केंद्राने मागणीपत्र भरायचं नसायचं. ठरलेल्या दिवशी गाडी यायची, सोबतची माणसं साठा मोजायची, कमी असेल तितका भरायची आणि फक्त खपलेल्या मालाचे पैसे घ्यायची. नर्सवरचं हिशेबाचं ओझं उतरतं आणि खरा खप वर पोचतो.

आणि तरीही साठा आटतोय असं दिसलं तर? नव्या स्त्रियांना इतर पद्धतींचे पर्याय समजावून द्यावेत, आणि हाताशी असलेले डोस आधीपासून घेणाऱ्यांसाठी राखावेत. घरी न्यायला तीनऐवजी एकच द्यावा. पुढचा डोस चार आठवड्यांपर्यंत उशिरा झाला तरी देता येतो, तेवढी सवड आहे. त्यापलीकडे जाणार असेल तर नर्सने जुन्या १५० मिलिग्रॅम डीएमपीएच्या कुपीतून स्नायूत इंजेक्शन द्यावं. संप्रेरक तेच आहे. मात्र कुपीला सिरिंज लागते. सायाना प्रेस आल्यापासून सिरिंजची मागणी कमी केली असेल, तर तो साठा आजच मोजा.