नवा रेडिएटर धुवायचा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वॉटर कूलिंगचं मशीन, म्हणजे आत पाणी फिरवून थंड ठेवलेला कॉम्प्युटर, बांधून घ्यायला येणारे जवळजवळ सगळेच हे विचारतात. मागच्या महिन्यात एक व्हिडिओ एडिटर मुलगी आली होती, तिनेही विचारलं, "ताई, रेडिएटर नवाकोरा आहे, माझ्यासमोर खोकं फोडलंत. मग धुवायला दोन दिवस कशाला?" तिचं काम अडलं होतं, त्यामुळे तेव्हा घाईत उत्तर दिलं. इथे सवडीने देते.

रेडिएटर म्हणजे आतून तापून आलेलं पाणी हवेवर थंड करणारा भाग. आधी तो बनतो कसा ते बघा. चांगल्या रेडिएटरमध्ये पितळेच्या किंवा तांब्याच्या चपट्या नळ्या असतात, नळ्यांच्या मध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याच्या घड्या आणि दोन्ही टोकांना छोट्या टाक्या. हे सगळं डाख देऊन जोडतात आणि डाख नीट धरावा म्हणून आधी फ्लक्स लावतात. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, तेच हे काम. नवसागराने धातूवरचा काळा थर निघतो, मग कथील पसरतं. पण कल्हई करून आणलेलं पातेलं माझी आजी घासून, दोन पाण्यांनी धुऊनच चुलीवर चढवायची. रेडिएटरच्या आत हात जात नाही. कारखान्यात पाणी फिरवलेलं असलं, तरी फ्लक्सचा थर, डाखाचे खसखशीएवढे मणी, पत्रा कापताना पडलेला कीस, यातलं काही ना काही आत उरतंच.

आता हा कचरा जातो कुठे? प्रोसेसरवर त्याची उष्णता पाण्याला देणारा जो ब्लॉक बसतो, त्याच्या तळाच्या तांब्यात बारीक खाचा कापलेल्या असतात. दोन खाचांच्या मधली भिंत आणि खाचेची रुंदी, दोन्ही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. पाण्याच्या अख्ख्या वाटेत याच्याइतकं बारीक गाळणं दुसरं नाही आणि ते नेमकं सगळ्यात तापणाऱ्या जागी बसलेलं असतं. रेडिएटरमधून जे सुटतं ते इथे येऊन अडकतं. धुण्याबद्दल मी इतकी हट्टी आहे ती एवढ्यासाठीच.

हे मला शिकवलं माझ्या पहिल्या मशीनने. २०१८ साली अ‍ॅनिमेशनच्या कामासाठी मी स्वतःचं बांधलं. निळं कूलंट, म्हणजे आत फिरवायचं रंगीत पाणी, पारदर्शक नळ्या, सगळं हौसेने. रेडिएटर नळाखाली एकदा धरला आणि बसवून टाकला. सुरुवातीला पूर्ण लोडवर प्रोसेसर ६४ अंशांवर असायचा. दोन महिन्यांत तो ८० वर गेला आणि निळा रंग गढूळ हिरवट झाला. मला शेवाळाचा संशय होता. ब्लॉक उघडला तर खाचांमध्ये तपकिरी लगदा गच्च बसलेला, आणि त्यात चमकणारे डाखाचे मणी. शेवाळात डाख नसतो. रेडिएटर काढला, गरम पाणी भरून हलवला आणि पांढऱ्या फडक्यावर ओतला, तर फडक्यावर तोच तपकिरी डाग. रंग का बदलला तेही मग कळलं. कूलंटमध्ये धातू गंजू नये म्हणून घातलेली रसायनं असतात, त्यांचा आणि रंगाचा तोल फ्लक्सने बिघडतो. तो रविवार पूर्ण गेला. मशीन जमिनीवर सुटं, आणि सोमवारी काम द्यायचं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. गीझरचं कडकडीत पाणी रेडिएटरमध्ये अर्ध्यापर्यंत भरते, दोन्ही तोंडं प्लगने बंद करते आणि टॉवेलात गुंडाळून दोन-तीन मिनिटं जोरजोरात हलवते. पूर्ण भरला तर आत पाणी आपटत नाही आणि कण सुटत नाहीत, म्हणून अर्धाच. मग पांढरं मलमलचं फडकं लावलेल्या पातेल्यात ओतते. पहिल्या पाण्यात काय येईल सांगता येत नाही. कधी काळे तुकडे, कधी हिरवट निळी झाक, कधी वर तेलकट तवंग. पाच-सहा वेळा तरी करावं लागतं, एकदा मी चौदा वेळा केलं आहे. फडकं सलग दोनदा कोरं निघालं की शेवटची दोन पाणी डिस्टिल्ड वॉटरची. नळाचं पाणी, त्यातही बोअरचं, आत वाळलं तर क्षार सोडून जातं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरने भरून रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी ते पाणी टीडीएस मीटरने मोजायचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा हा मीटर आरओच्या निमित्ताने आता बऱ्याच घरांत असतो. चांगलं डिस्टिल्ड वॉटर शून्य ते दोन दाखवतं. सकाळी पाच-सहा आलं तर मला चालतं. तीस-चाळीस आलं तर आतून अजून काहीतरी विरघळतंय, पुन्हा सुरुवातीपासून. बॅटरीच्या दुकानातली बाटलीही ओतण्याआधी मोजून घ्या, सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. आणि घरच्या आरओचं पाणी यासाठी वापरू नका, ते पिण्यासाठी आहे, त्यात क्षार ठेवलेले असतात. मात्र मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात. राळेचा फ्लक्स पाण्यात विरघळत नाही, तेलही नाही. ते फडक्यावरून आणि तवंगावरूनच ओळखायचं. म्हणून मी दोन्ही बघते.

व्हिनेगर चालेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याने तांब्याचा डाग निघतो हे खरं, पण ते आम्ल आहे. पितळ आणि डाख दोघांनाही ते खातं, आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारून नीट धुतलं नाही तर आत काम करतच राहतं. मी वापरत नाही. रेडिएटर फारच घाणेरडा असेल तर त्यासाठीच बनवलेलं औषध आणते. मेहेम्स कंपनीच्या ब्लिट्झ या सफाईच्या किटचा पहिला भाग फॉस्फोरिक आम्लाचा असतो आणि तो फक्त रेडिएटरसाठी असतो. हातमोजे आणि चष्मा घालून, बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घालून. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकला तो लावायचा नाही. रेडिएटरमध्ये भांड्यांचा साबणही नको, फेस त्या नळ्यांतून निघता निघत नाही.

ब्लॉकचं मात्र उलट आहे. तांबं म्हटलं की आपला हात चिंच आणि पितांबरीकडे जातो. इथे दोन्ही नको. पावडरचे कण खाचांत बसतात आणि चिंचेचं आम्ल निकेलच्या पातळ मुलाम्याला लागतं. नव्या ब्लॉकवर बहुधा यंत्रकामाचं थोडं तेल असतं. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश आणि ब्रश खाचांच्या दिशेने, आडवा नाही. उघडल्याने वॉरंटी जात असेल तर न उघडताच कोमट पाणी दोन्ही बाजूंनी फिरवा.

अ‍ॅक्रिलिकच्या भागांवर सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कधीही लावू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. अ‍ॅक्रिलिकला त्याने केसासारख्या बारीक तडा जातात, स्क्रूंच्या भोवती तर हमखास. पाणी साठवायची टाकी असो वा ब्लॉकचं झाकण, त्यांना कोमट पाणी पुरतं, उकळतं नको. नळ्या जोडायची फिटिंग्ज वाटीत भिजवून काढायची आणि प्रत्येकाची रबरी रिंग बोटाने फिरवून बघायची. नळ्या कापल्यावर आत भुसा राहतो, दोऱ्याला फडक्याची चिंधी बांधून ती आतून ओढली की झालं.

पंपाला वेगळं धुणं लागत नाही, पण रेडिएटर धुवायला हाच नवा पंप वापरू नका. डाखाचा एक मणी आत गेला तर फिरत्या भागावर ओरखडा येतो. मी फिश टँकचा स्वस्त पंप बादलीत सोडते आणि परतणाऱ्या पाण्याला गाळणं लावते. आणि कारखान्यातून भरूनच आलेला बंद कूलर घेतला असेल तर यातलं काहीच करायचं नाही, तो उघडायचाच नसतो.

माझा मावसभाऊ मोठ्या इमारतींच्या एसीची कामं करतो. त्याला मी हे सगळं सांगितलं तर त्याला आश्चर्यच वाटलं नाही. नवी पाइपलाइन टाकली की आतली वेल्डिंगची घाण फ्लश करून, गाळणी साफ करूनच ते चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मोठं यंत्र, जोडतात. त्या कामाचे दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले असतात. आपल्या टेबलाखालच्या मशीनमध्ये तीच गोष्ट लहान मापात आहे, फक्त वाट कितीतरी अरुंद.

त्या एडिटर मुलीला मी शेवटी समजावत बसले नाही. तिच्या रेडिएटरचं पहिलं पाणी काचेच्या बरणीत ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिलं. तळाशी करडा गाळ बसला होता, वर हिरवट पाणी. तिने बरणी खिडकीशी धरली, थोडी हलवली, गाळ वर आला. मग पिशवीतून ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक काढला, तो ती आदल्या रात्री घरीच बसवणार होती, आणि विचारलं, "ब्रश आहे का तुमच्याकडे?"