ओवी, गझल आणि एक अर्धी गोष्ट : मृगापासून उलंगवाडीपर्यंतचं लिखाण

कपाशीच्या एका हंगामाबरोबर लिहीत जायचं, असं मी मृगाच्या आधी ठरवलं होतं. विषय तेच, तुमचेमाझे: प्रेम, गेलेली माणसं, आठवण आणि भोवतीचं रान. आता आमच्याकडे उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटून धुऱ्याला, बांधाला लागल्या. वहीत काय जमलं आणि काय अजून कच्चं आहे, ते आज सविस्तर लिहिते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यात बसून लिहिणारीला सोबत तुम्हा लिहिणाऱ्या मंडळींचीच आहे. शिवाय या हंगामात एक गोष्ट अशी सापडली, की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि शेवटपर्यंत आमच्या घरात राहिली. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिच्याच हाताखाली निघायची. कमरेला ओटी बांधलेली, तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, तोंडाशी सगळ्यांच्या आधी उभी. कुणाच्या कापसात वाळला पाला दिसला की म्हणायची, "पाला आला कापसात, त थे येचनं कायचं वं पोरी?" मागच्या उलंगवाडीनंतर ती गेली. तिच्यावर लिहायचं हे पक्कंच होतं.

सुरुवातीच्या कविता अष्टाक्षरीत, म्हणजे ओळीला आठ अक्षरं अशा, होत्या. एका कडव्याचा पहिला खर्डा असा:

तिच्या हातचा कापूस
माळ्यावर पडलेला
आठवणींचा पसारा
सरकीत अडलेला

अक्षरं बरोबर आहेत, यमक बरोबर आहे. पण या कडव्यात आत्या कुठेच नाही. कापूस आहे, पसारा आहे, आणि लांब उभी राहून बघणारी मी आहे. बरेच दिवस ते तसंच ठेवलं. मग एका दुपारी टोळीतल्या दोघीतिघी घरी आल्या होत्या, त्यांना वाचून दाखवलं. त्यांतली एक म्हणाली, "तिले सांगून राह्यली का आमाले?" त्या प्रश्नावर मी "तिच्या"चं "तुझ्या" केलं, आणि खालच्या तिन्ही ओळी आपोआप गळून पडल्या. आता ते कडवं असं आहे:

तुझ्या हातचा कापूस
माळ्यावर आहे बाई
सरकी काढते त्याची
वात वळवत नाही

हे खरं आहे. तिनं वेचलेला थोडा कापूस देवाच्या वातींसाठी बाजूला ठेवला होता, तो अजून माळ्यावर आहे. मी तो खाली काढते, बोटांनी सरकी वेगळी करते, कापूस पिंजून सारखा करते आणि परत ठेवून देते. ही गोष्ट मला "ती" म्हणून सांगताच आली नसती. तिसऱ्या कुणाला सांगताना आपण समजावायला लागतो, समजावता समजावता "आठवणींचा पसारा" असले शब्द येतात. तिलाच सांगायचं तर तिला काय समजावायचं? तिला कापूस माहीत, माळा माहीत. सांगायचं उरतं ते एवढंच, की वात वळवत नाही.

मग लक्षात आलं की आपल्या बाया हे शेकडो वर्षं करत आल्या आहेत. जात्यावरची ओवी म्हणजे कुणाला तरी घातलेली हाक. ती भावाला असते, मायला असते, सासरी गेलेल्या लेकीला, विठ्ठलाला असते, कुणी नसेल तर समोरच्या जात्यालाच असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर अशा ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या मी जेवढ्या ऐकल्या-वाचल्या, त्यांत गेलेल्या मायबापाचं दुःख बहुतेक वेळा असं समोर बसवून सांगितलेलं आहे. गेलेला माणूस ओवीत ऐकत असतो.

या शोधानंतर जुन्या खर्ड्यांत शोकाचं जे काही होतं, ते सगळं मी पुन्हा हाकेत लिहून पाहिलं. काही टिकलं, बरंच टिकलं नाही. जे टिकलं त्यात शेतीचीच बातमी जास्त आहे, कारण आत्याला तीच हवी असायची:

मृग कोरडाच गेला
आर्द्रा भिजवून गेली
तुला सांगायचं होतं
पऱ्हाटी निघून आली

नव्यानं अष्टाक्षरी लिहिणाऱ्यांसाठी सांगते: जोडाक्षर एकच धरायचं. "आर्द्रा" दोन अक्षरं, "पऱ्हाटी" तीन. जात्यावरच्या ओवीला असा मोजका हिशोब नसतो. तिथे जात्याचा फेरा ओळ सांभाळतो, ओळ लांबली तर गळा ती ओढून घेतो. कागदावर फेरा नाही म्हणून मला आठ अक्षरांचा आधार लागतो. पण वाचताना मी हात फिरवून वाचते आणि जिथे हात अडखळतो तिथे शब्द बदलते. ही सवय सगळ्यांनी करून पाहावी असं मनापासून वाटतं.

प्रेमाच्या कवितांकडे मी या वर्षी उशिरा वळले, पऱ्हाटी फुलावर आली तेव्हा. आपल्या कवितांत प्राजक्त आणि मोगरा फार होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या फुलावर आपलं घर चालतं ते फूल कवितेत येतच नाही. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ, किंचित पिवळसर असतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मिटतं, आणि गळताना खाली इवलंसं बोंड सोडून जातं. ते बोंड फुटायला पुढे दीड-दोन महिने लागतात. एकाच झाडावर कालचं गुलाबी आणि आजचं पांढरं फूल शेजारी शेजारी असतात. प्रेमावर लिहिणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे? यावर एक छोटी कविता जमली आहे, पण शेवटची ओळ अजून मनासारखी नाही, म्हणून ती आज देत नाही.

गझल मात्र देते. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझलेचे नियम इतके स्वच्छ मांडून ठेवले आहेत, की विदर्भात राहून गझल टाळणं बरं नाही. मी भुजंगप्रयात वृत्त घेतलं, लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा. मतला, म्हणजे पहिला शेर, असा झाला:

कधीची उभी मी नदीच्या किनारी
तुझी नाव आली रिकामी दुपारी

रदीफ, म्हणजे यमकानंतर तोच परत येणारा शब्द, नाही; अशा गझलेला गैरमुरद्दफ म्हणतात. काफिया, म्हणजे यमक, किनारी, दुपारी, शिवारी असा चालला आहे. पाच शेर पुरे व्हायचे आहेत. पहिल्या दोन ओळी जमताच कळलं, की इथेही "तू" आधी आला. शेर दोन ओळींत संपतो, त्याला ओळख करून द्यायला वेळच नसतो. म्हणून तो थेट समोरच्याशी बोलतो. ओवी आणि गझल मी आजवर फार लांबच्या मानत होते. आता दोघी एकाच ओट्यावर बसलेल्या दिसतात.

नदी कुठली, हे तुम्ही ओळखलंच असेल. आमच्याकडची नदी म्हणजे वर्धा, आणि तिच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. भागवतात तिनं कृष्णाला पाठवलेला निरोप सात श्लोकांचा आहे, आणि एका ब्राह्मणाच्या हाती तो द्वारकेला गेला. प्रेमाची पहिली चिठ्ठी आपल्याच काठावरून निघाली, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. आषाढीला रुक्मिणीची पालखी अजूनही इथून पंढरपूरला जाते. आणि याच रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, महदाइसेनं तेराव्या शतकात रिद्धपूरला गायले. तेही अमरावती जिल्ह्यातच. मराठीतली आद्य कवयित्री आपल्या मातीत गायली आणि तिचा विषय एका बाईनं स्वतः ठरवलेलं लग्न! हे मनात आलं की लिहायचा हुरूप दुप्पट होतो.

आता कथेकडे येते, कारण या हंगामातला सगळ्यात जास्त वेळ तिनं घेतला. नाव "उलंगवाडी". एक म्हातारा शेतकरी आहे. त्याची बायको वेचाईचा हिशोब सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, भिंतीवर कोळशानं लिहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रत्येक बाईची एक खूण ठरलेली: कुणाची बांगडी, कुणाची चिमणी, कुणाचं नुसतं टिंब. त्या खुणेपुढे किलोच्या रेघा. बायको गेली. दिवाळी आली, आणि सून म्हणते भिंती पोतारायच्या, म्हणजे सारवून काढायच्या. कथा एवढीच आहे: भिंत पोतारायची की नाही.

पहिला मसुदा मी नेहमीच्या पद्धतीनं लिहिला, म्हाताऱ्याच्या मनात काय चाललंय ते सांगत. आठवणीमागून आठवण येत होती, लग्न, दुष्काळाचं साल, पहिली बंडी, आणि प्रत्येकीला "त्याला आठवलं" असं शेपूट. वाचताना दम लागत होता. मग आत्याच्या कवितेत केलं तेच इथे केलं. म्हाताऱ्याला भिंतीशी बोलायला लावलं. आता तो संध्याकाळी सपरीत बसतो आणि म्हणतो:

"सून म्हन्ते, दिवाई आली, भिती पोतारू द्या. कसं करू वं? तूच सांग. हे चिमनी कोनाची होय, मले काई समजून नाई राह्यलं. पैसे देल्ले होते का तिले?"

या एका प्रश्नानं कथा हलली. चिमणीच्या खुणेपुढे रेघा आहेत, पण चुकते केल्याची आडवी रेघ नाही. म्हणजे कुणाची तरी वेचाई द्यायची राहिली आहे, आणि ती कुणाची हे फक्त गेलेल्या बायकोला ठाऊक. म्हातारा भिंत जपतो ती तिच्या आठवणीसाठी, असं गावाला वाटतं. त्याला मात्र तिचं देणं फेडायचं आहे. तो टोळीतल्या एकेकीच्या घरी जातो, "तुही खून कोनती होती वं?" असं विचारत. इथवर लिहून झालं आहे. चिमणीवाली सापडते की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मला सापडू नये असं वाटतं, पण कथा दुसरीकडे ओढते आहे. मी कथेचं ऐकणार आहे.

वऱ्हाडीचा प्रश्न या कथेत नीट सोडवावा लागला. संवाद वऱ्हाडीत, निवेदन प्रमाण मराठीत, ही आपली नेहमीची वाट. पण म्हातारा इतका बोलायला लागला, की निवेदन मधे उपरं वाटू लागलं. म्हणून निवेदनातही वावर, धुरा, सपरी, कुटार, रोही हे शब्द तसेच ठेवले आणि कुठेही अर्थ दिला नाही. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकालाही दोन पानांत ते आपले होतील, अशी माझी खात्री आहे. वऱ्हाडी फक्त हसवायला वापरायची, ही सवय मोडायलाच हवी. याच बोलीत आमच्याकडची माणसं रडतात, हिशोब करतात, देवाला हाक मारतात.

निसर्गाची वही वेगळी ठेवली आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. रोज एक-दोन ओळी, उपमा न देता, जे दिसलं तेवढंच. सीतादहीच्या दिवशी वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवला तेव्हा पहिली बोंडं कुठल्या बाजूनं फुटली होती. रात्री जागलीला गेलं असता रोही (नीलगायी) कुठून आले. फागुनात पानं झडलेल्या पळसाला फुलं आली की नोंद, मग मोहाची. मोह पहाटे गळतो. आमच्या ओळखीतली माणसं आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला साफ करून ठेवतात. या नोंदींतूनच कवितांना सामान मिळतं, म्हणून कंटाळा आला तरी वही सोडू नका.

गोंदियाकडे नातलगांत जाणं झालं तेव्हा धानाच्या बांधीत सारसाची जोडी लांबून पाहिली. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः त्याच भागात. सारस म्हटलं की जोडीनं राहणारा पक्षी, आणि लगेच प्रेमकविता, हे मला नको होतं. म्हणून वहीत एवढंच लिहिलं: एक मान खाली घालून चरत होता, दुसरा मान वर करून उभा होता, थोड्या वेळानं त्यांनी कामं बदलली. यातून कविता होईल तेव्हा होईल.

पुढचं काम असं ठरवलं आहे. गझलेचे उरलेले शेर आधी पुरे करायचे. "उलंगवाडी"चा शेवट पोळ्यापर्यंत लिहायचा. आणि धवळ्यांच्या चालीचं एक लग्नगीत लिहून पाहायचं, ज्यात रुक्मिणी निरोप पाठवते तो कौंडण्यपुरातून नाही, तर वेचणीच्या तासातून, आणि निरोप नेणारी असते टोळीतली म्हातारी. तुमच्या गावी कापूस वेचताना किंवा धान रोवताना बाया काही गात असतील तर चाल आणि शब्द, दोन्ही मला कळवा. विशेषतः झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, मंडळींनी. रोवणीच्या गाण्यात हाक कुणाला घालतात, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.