बॉयलर शेवटपर्यंत टिकतो

खडकावर फुटलेला, वाफेवर चालणारा जुना टँकर (तेलवाहू जहाज) ओळखायचा असेल तर आधी बॉयलर शोधा. जहाजाचा बाहेरचा पत्रा साधारण 12 ते 20 मिमी, बॉयलरचं कवच त्याच्या जवळपास दुप्पट, शिवाय गोल. म्हणून जहाज नाहीसं झालं तरी तो पिंपासारखा पडून राहतो. पुढच्या तोंडावर भट्ट्यांची दोन-तीन मोठी भोकं दिसतात.

इंजिन आणि बॉयलर टोकाला, मधे टाक्यांच्या आडव्या भिंती आणि जाड पाइपांचं जाळं, म्हणजे बहुतेक टँकरच. मालवाहू जहाजात इंजिन सहसा मध्यभागी असे.

कायम पाण्याखालचं पोलाद एका बाजूने वर्षाला सुमारे 0.1 मिमी झिजतं. लाटा आपटतात तिथे त्याच्या कितीतरी पट. पितळी झडपेला टेकलेला पत्रा आणखी लवकर जातो, कारण पितळ वाचतं ते पोलादाच्या जिवावर. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) मात्र फसवं असतं. झडपेचा आकार जसाच्या तसा, पण चाकू लावला तर पेन्सिलीच्या शिशासारखा काळा भुगा निघतो. लोखंड विरघळून नुसतं ग्राफाइट उरलेलं असतं.

पाहायला अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली ओहोटी गाठा आणि पाणी वळण्याआधी परता. बंद टाकीत डोकंही घालू नका: गंज हवेतला प्राणवायू खातो, माणूस काही कळायच्या आत कोसळतो. तळाशी डांबरासारखं जुनं तेल असेल तर ढवळू नका, किनारा सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळवा.